वाचले, मान्य

आमच्या खोलीत एक अध्यक्ष बसायचे. ते कसलेही अध्यक्ष नव्हते. एक हलणारं टेबल, त्याच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा, आणि उन्हाळ्यात मानेवर ओला रुमाल, एवढाच त्यांचा कारभार. पण बावीस वर्षं निरनिराळ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतलं 'अध्यक्षांचे मनोगत' तेच लिहीत आले होते, म्हणून मी त्यांना ते नाव ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं. त्यांना ते आवडलं. यावरून माणूस ओळखा.

मी पानं लावते. मजकूर आला, फोटो आले, की ते पानावर नीट बसवायचे हे माझं काम. जागा टायरच्या दुकानावरचा तिसरा मजला. जिना चढताना रबराचा वास, वर आल्यावर शाईचा. भिंतीभर जुने अहवाल रचलेले. गुळगुळीत जाड कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य नाहीतर हस्तांदोलन करणारे दोन हात. त्यांतले तीन मी माझ्या संगणकाच्या पडद्याखाली ठेवले आहेत, मान दुखू नये म्हणून. अहवालाचा एवढाच प्रामाणिक उपयोग मी पाहिला.

अध्यक्षांची कामाची रीत अशी: नवा अहवाल कधी नव्याने लिहायचा नाही. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, साल बदलायचं, आकडे बदलायचे आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला 'यंदाही' घालायचं. यंदाही आपण सुरक्षिततेला अग्रक्रम दिला. यंदाही आपले मनुष्यबळ हीच आपली खरी संपत्ती ठरली. ज्या कंपनीने त्या वर्षी तीनशे माणसं घरी पाठवली, तिच्याही अहवालात ही संपत्ती जागच्या जागी होती. मी विचारलं, तर म्हणाले, बाई, उरलेल्यांबद्दल लिहिलंय.

वर्षातून एकदा ते नव्या पोरापोरींना 'प्रभावी अहवाललेखन' शिकवायला जायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी एकदा पडदा लावून द्यायला सोबत गेले होते. तासभर त्यांनी जे सांगितलं त्याचं सार इतकंच की चांगलं झालं तर 'आम्ही केलं' म्हणायचं आणि वाईट झालं तर 'घडलं' म्हणायचं. तोट्याला तोटा म्हणायचं नाही, आव्हानात्मक वर्ष म्हणायचं. कारखाना बंद पडला तर क्षमतेची फेरमांडणी झाली. पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलाने तर 'यंदाही' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको मला एकदा बाजारात भेटली तेव्हा सांगत होती की घरात दूध संपलं तर हा माणूस 'दुधाच्या बाबतीत जरा आव्हान आहे' म्हणतो. ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी चौदा वर्षं त्या माणसाशेजारी बसत होते.

आता हे सगळं वाचतं कोण? कोणी नाही. हे मी रागाने म्हणत नाही, पुराव्याने म्हणते. एका वर्षी माझ्याच चुकीने एकच परिच्छेद बाराव्या पानावरही छापला गेला आणि एकेचाळिसाव्यावरही. पाच वर्षांनी माझ्याच लक्षात आलं. मधल्या पाच वर्षांत कोणाचं पत्र नाही, फोन नाही. उलट त्या अहवालाला उत्तम मांडणीचं बक्षीस मिळालं, ते मालकांच्या केबिनमध्ये टांगलेलं आहे.

छपाईआधी मात्र मोठा सोहळा. मंजुरीची प्रत कंपनीतल्या सात टेबलांवरून फिरायची. प्रत्येक पानावर प्रत्येकाने 'वाचले, मान्य' असा शिक्का मारायचा, खाली सही करायची. सात टेबलं, सात शिक्के. पुढे कुठे चूक निघाली की हे सातही जण कानावर हात ठेवायचे आणि खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. म्हणून मी या प्रती टाकत नाही. माझ्यामागच्या लोखंडी कपाटात सालवार लावून ठेवते आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

तर अशा या अध्यक्षांना एक धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, हिला यांनीच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. मेहुण्याला नोकरी नव्हती, तीही यांनीच लावली. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचा अहवाल आमच्याकडे यायचा, तिथल्या जनसंपर्कवाल्या साहेबांना शब्द टाकला आणि मेहुणा दोन नंबरच्या शेडमध्ये कंत्राटी कामावर लागला. पास क्रमांक ४१७. पंप खोक्यात घालायचे आणि यंत्राने खोक्याभोवती पत्र्याची पट्टी आवळायची. त्या दिवशी अध्यक्षांनी खोलीत पेढे नाही तरी चहा सगळ्यांना पाजला, आणि आमचा माणूस आता मोठ्या घरात गेला म्हणाले.

दोन वर्षांनी, नऊ जुलैला, त्या यंत्राने मेहुण्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं.

कंत्राटदार म्हणाला, आमच्याकडे असं काही झालंच नाही. हा घरी पंखा दुरुस्त करत होता, चालू पंख्यात हात घातला. त्या दिवसाची हजेरीची वही सापडत नव्हती. शेडमधले सोबती मूग गिळून बसले, त्यांनाही पोटं होती. कारखाना म्हणाला, कंत्राटी माणूस आमचा नव्हेच, कंत्राटदाराशी बोला. म्हणजे बोटं गेली ती गेलीच, वर माणूस खोटारडा ठरला. धाकटीने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तारखा पडता पडता वर्ष होत आलं. तो बिचारा बरा माणूस होता. तो म्हणाला, बाई, माझा विश्वास आहे तुमच्यावर, पण अपघात कारखान्यात झाला असं कारखान्याचं लेखी काहीतरी आणा. पुढची तारीख ऑगस्टची. काही आणलं नाहीत तर मला अर्ज काढून टाकावा लागेल.

कारखान्याचं लेखी. धाकटी तिथून थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. दम लागलेला, पण चेहरा उजळलेला. कारखान्याचं सगळं लेखी तर तिचा दादाच लिहायचा.

अध्यक्षांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की बघतो, योग्य वेळी योग्य ती पावलं उचलू. सख्ख्या बहिणीला हे सांगितलं. ती गेल्यावर मला म्हणाले, हे कसं शक्य आहे, बाई? सुरक्षिततेच्या पानावर यंदाही शून्य अपघात आहेत. कारखान्याने तसं कळवलंय.

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात हे की, तुम्ही जगभराच्या साहेबांच्या तोंडी 'मी' घालता, एकदा आपल्या बहिणीसाठी दोन ओळी घाला. कोणी वाचत नाही हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. सात टेबलांवरून सुखरूप परत येईल. अध्यक्ष रुमालाने मान पुसत राहिले. मग म्हणाले, लिहितो.

तीन दिवस लिहीत होते. मी शेजारून बघत होते. एक ओळ टाइप करायचे, पुसायचे. बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे, पुन्हा पुसायचे. घाबरले आहेत असं मला वाटलं, आणि थोडी कीवही आली. चौथ्या दिवशी धाकटी आली तेव्हा त्यांनी कागद तिच्या हातात दिला. चेहऱ्यावर समाधान होतं, तेच मला नंतर फार दिवस खुपत राहिलं.

धाकटी दहावीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. 'वेष्टन विभागातील एका सहयोगी घटकाच्या संदर्भात वर्षभरात हाताळणीविषयक एक प्रसंग घडला, आणि त्यातून मिळालेली मोलाची शिकवण आपल्या सुरक्षा-संस्कृतीला अधिक बळकट करणारी ठरली.' तिने दोनदा वाचलं. मग कागद उलटून मागे काही आहे का तेही बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "यात हे कुठे आहेत?"

अध्यक्ष समजावू लागले. वेष्टन विभाग म्हणजे दोन नंबरची शेड. सहयोगी घटक म्हणजे आपले पाहुणे. प्रसंग म्हणजे अपघात.

"आणि बोटं?"

बोटं कुठे आहेत हे त्यांनाही सापडेना. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि स्वतःचंच वाक्य परक्याचं असल्यासारखं शोधत बसले. तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरून असं लिहीत नव्हता. त्याला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. बावीस वर्षांत त्याने साधं वाक्य इतक्या वेळा मोडलं होतं की घरातल्या माणसाच्या हातातून रक्त आलं तरी त्याला 'रक्त' हा शब्द सुचत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला संताप आला आणि त्याच वेळी लाजही वाटली, कारण त्याची ती सगळी वाक्यं चौदा वर्षं पानावर सुबक बसवत मीच होते.

मी सुरक्षिततेचं पान उघडलं आणि धाकटीला म्हटलं, "तू सांग. काय झालं ते सांग फक्त."

तिने सांगितलं, मी टाइप केलं. 'नऊ जुलैला दुपारी पावणेचार वाजता दोन नंबरच्या शेडमध्ये पट्टी आवळायच्या यंत्रात पास क्रमांक ४१७ या कंत्राटी कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटली. यंत्रावरची जाळी चार महिन्यांपासून काढून ठेवलेली होती. त्याला कारखान्याच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.' अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे उभे होते. मध्येच त्यांचा हात पुढे आला. सुरुवातीला 'दुर्दैवाने' घातलं तर जरा बरं वाटेल, असं ते म्हणाले. धाकटीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात मागे गेला. खालचं 'शून्य अपघात' मी पुसून टाकलं आणि त्या जागी सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोटो जरा मोठा केला. साहेब लोक फोटो मोठा झाला की खूश असतात.

प्रत सात टेबलं फिरून अकरा दिवसांनी परत आली. मी पर्समधून चष्मा काढून एकेक पान बघितलं. एका संचालकांना स्वतःची हनुवटी जाड वाटत होती. कोणाला निळा रंग अजून गडद हवा होता. दोन साहेबांची नावं वरखाली करून पुन्हा तशीच वरखाली केली होती. सुरक्षिततेच्या पानावर सातही शिक्के होते, 'वाचले, मान्य', आणि आमच्या तीन वाक्यांच्या बोटभर खाली सुरक्षा अधिकाऱ्यांनी आपल्या फोटोभोवती लाल गोल करून लिहिलं होतं, 'चष्मा काढता येईल का?'

काढला चष्मा. छापून आलं.

ऑगस्टच्या तारखेला धाकटी, मेहुणा, अध्यक्ष आणि मी असे चौघे गेलो. अध्यक्ष यायला तयार नव्हते. आपलं येणं योग्य दिसणार नाही म्हणाले. धाकटीने ओढून आणलं. अधिकाऱ्याची खोली लहान, पंखा आवाज करणारा, आणि मेहुणा त्याच्याखालीच बसला होता, हात खिशात घालून. धाकटीने अहवाल टेबलावर ठेवला, पान उघडलं. अधिकाऱ्याने वाचलं. मग कारखान्याच्या वकिलांपुढे सरकवलं. वकिलांनी पहिल्यांदा वाचलं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसलं.

पण वकील हुशार होता. त्याने पुस्तक पुढेमागे चाळलं आणि म्हणाला, साहेब, ही आमच्या कंपनीची भाषाच नाही. बाकीचं पुस्तक बघा आणि ही तीन वाक्यं बघा. हे कोणीतरी बाहेरून घुसडलंय. खरं होतं ते. त्या अख्ख्या पुस्तकात समजेल असं तेवढंच होतं.

अधिकाऱ्याने विचारलं, हे लिहिलं कोणी?

मी तोंड उघडणार होते. शेजारची खुर्ची सरकली.

"मी लिहिलं," अध्यक्ष म्हणाले.

गडगडाट वगैरे काही झाला नाही. इतकं हळू म्हणाले की पंख्यामुळे अधिकाऱ्याला ऐकू गेलं नाही, त्याने पुन्हा विचारलं, आणि यांनी पुन्हा सांगितलं. टेबलाला धरून उभे होते. बावीस वर्षं त्यांच्या लिहिलेल्यावर दुसऱ्यांनी आपलं म्हणून सही केली. आणि जे एक त्यांनी लिहिलेलं नव्हतं, ते आज आपल्या नावावर घेतलं. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे, पण त्या क्षणी त्यांना खाली बसवून पाणी द्यावंसं वाटलं.

वकील म्हणाला, बघा, कबूलच केलं, कंपनीचा याच्याशी संबंध नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कारण मग मी पिशवीतून मंजुरीची प्रत काढली. अधिकाऱ्याने शिक्के मोजले. लाल गोलही बघितला, चष्म्याचा. मग त्याने वकिलाला अगदी साध्या आवाजात सांगितलं, की या सातजणांनी न वाचताच 'वाचले' असा शिक्का मारला, असं मला लेखी द्या. मग मी हे पान खोटं धरतो.

वकिलाने प्रतीचं पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. तिथून हिशोबाची पानं सुरू होत होती, आणि त्यांवरही तेच सात शिक्के होते. शिक्के न वाचता मारले म्हटलं, तर हिशोबही न वाचलेलेच ठरत होते. त्याने प्रत मिटली, अर्धा तास मागितला, आणि फोन घेऊन जिन्यात गेला. परत आल्यावर म्हणाला, अपघात कारखान्यात झाला हे आम्हाला मान्य आहे.

मेहुण्याला भरपाई मिळाली, आणि कारखान्याच्या दोन नंबरच्या शेडसमोरच्या गेटवर पास तपासायचं बसून करायचं काम मिळालं. खोटारडा हा शिक्का पुसला गेला, त्याला त्याचंच मोल जास्त होतं. कारखान्याच्या वरच्या साहेबांपैकी मात्र कोणाला काही कळलं नाही. वकिलाने वर सांगितलं असतं तर सही कोणी केली असं विचारलं गेलं असतं, म्हणून सातजणांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं. झाकली मूठ. फक्त अहवालाचं काम आमच्याकडून काढून दुसऱ्या कोणाला तरी दिलं, कारण न सांगता. आमच्या मालकांनी अध्यक्षांना महिनाअखेरीस घरी बसवलं. निरोपाच्या वेळी मालक म्हणाले की त्यांच्या योगदानाची नोंद कायम राहील. ते वाक्य अध्यक्षांचंच होतं, आठ-नऊ अहवालांतून वापरून गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते ओळखलं, मान खाली घातली आणि टेबलाखालचा पुठ्ठा काढून केरात टाकला.

सध्या ते घरी बसून मिक्सर-पंख्यांची माहितीपत्रकं लिहितात. पानं लावायला माझ्याकडे आणतात, मी सुट्टीच्या दिवशी लावून देते. पहिल्या पत्रकात लिहिलं होतं, 'स्वच्छतापूर्व टप्प्यावर विद्युत-संपर्काबाबत सजगता अपेक्षित आहे.' मी ते खोडून 'धुण्याआधी बटण बंद करा' असं लिहिलं. त्यांनी इतकं लहान चालेल का असं विचारलं. आता त्यांची चार वाक्यांतली दोन बरी येतात.

परवाच्या जुलैत धाकटीने आम्हा सगळ्यांना रविवारी घरी बोलावलं. मेहुणा गेटवरून एक पुस्तक घेऊन आला होता, गठ्ठे त्याच्यासमोरच उतरले होते. नवा वार्षिक अहवाल. कागद आणखी जाड, मुखपृष्ठावर पुन्हा सूर्य. आतल्या पानावर बारीक अक्षरात 'मजकूर साहाय्य' म्हणून छापलेलं नाव बघून अध्यक्षांनी ओळखलं, त्यांच्याच वर्गातला तो चष्मेवाला, पहिल्या बाकावरचा. चांगला मुलगा होता, सगळं लिहून घ्यायचा, असं म्हणाले. मेहुण्याने सुरक्षिततेचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे दिलं.

'यंदाही नऊ जुलैला दुपारी पावणेचार वाजता दोन नंबरच्या शेडमध्ये पट्टी आवळायच्या यंत्रात पास क्रमांक ४१७ या कंत्राटी कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटली.' पुढची दोन वाक्यंही तशीच. खाली सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोटो, चष्म्याशिवाय.

धाकटीने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती. मेहुण्याने उजवा हात पानावर ठेवला, अंगठा आणि एक बोट.

"माझ्याकडे तर दोनच शिल्लक होती," तो म्हणाला. "मग हे तिसरं कोणाचं, दादा?"

सगळे हसलो. अध्यक्षही हसले, डोळे पुसत. हसू ओसरल्यावर मेहुण्याने पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि ते दुसरं वाक्य पुन्हा एकदा नीट वाचलं.

"हे मात्र त्याने बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "जाळी अजून बसवलेली नाही. मी रोज बघतो."